तीनदा विचारायचं असतं

२९ मार्च, शनिवार

शून्य-सहा. लिहिताना पेनानं कागद दोनदा फाटला.

हंगामाचा शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर. समोरच्या संघाची लेफ्ट विंगर सामन्याआधी गाडीत बसून सॉसेज रोल खात होती. तिनं दोन गोल केले. विलोब्रुक हॉकी क्लबचा महिलांचा पहिला संघ सलग दुसऱ्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. नऊ वर्षं मी या संघाचा मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे फार काही नाही. चेंडू मोजायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कोण येणार आणि कोण ऐनवेळी आजारी पडणार याचे फोन करायचे. खडकीच्या मैदानावर दहा वर्षं हॉकी खेळलेल्या माणसाला मेडनहेडमध्ये यापेक्षा मोठं काम कोण देणार?

कोच क्रेग हातात थर्मास धरून खांबासारखा उभा होता. पूर्ण सामन्यात एक अक्षर बोलला नाही. मग मला ओरडावं लागलं. कुणीतरी ओरडायला हवंच ना. अंपायरबाईंनी दोनदा खेळ थांबवून माझ्याकडे बोट दाखवलं. सहा गोल खाणाऱ्यांना काही नाही, बोट माझ्याकडे.

आमची गोलकीपर मंजिरी. नागपूरची, इथं सॉफ्टवेअरमध्ये आहे, चार वर्षांपूर्वी व्हिसावर आली. गोलकीपर म्हणून बरी आहे, पण हेल्मेटच्या आतून सारखी काहीतरी बोलत असते. बचावातल्या मुलींना सूचना देते म्हणे. कुणाला ऐकूच जात नाही, तर बोलायचं कशाला?

आणि ईशानी, राइट बॅक. आमची एकुलती एक. ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. दर शनिवारी शंभर मैल गाडी चालवत येते, खेळते, मुक्काम करते आणि रविवारी आईच्या हातचं जेवून जाते. आज सामना संपल्यावर मी फक्त इतकंच विचारलं की तिसऱ्या गोलच्या वेळी तू झोपली होतीस का. ती घरी आलीच नाही. मैदानावरून थेट ब्रिस्टलला. नीनानं केलेली भरली वांगी आम्ही दोघांनी खाल्ली. पराभव फार मनाला लावून घेते पोरगी. माझ्यावर गेली आहे.

२ एप्रिल, बुधवार

क्रेगनं कोचपद सोडलं. व्हॉट्सॲपवर. दोन ओळी आणि एक अंगठा.

त्यापाठोपाठ नऊ मुलींनी पुढच्या वर्षी खेळणार नाही असं कळवलं. नऊ. आमच्या क्लबच्या अध्यक्षा जिलियन, त्यांनी स्पष्ट मेल टाकली आहे: मे महिन्याअखेर नवा कोच हवा आणि जूनअखेर चौदा नावं हवीत. नाही जमलं तर संघ लीगमधून मागे घेणार.

नीना म्हणाली, "मग ईशानी शनिवारची कशाला येईल?"

मी म्हणालो, आईबापांना भेटायला येईल.  नीनानं भांडी जरा जोरात लावली.

ते होऊ द्यायचं नाही. संघाला आता शिस्त लावणारा, खेळ कळणारा आणि क्लबच्या खाचाखोचा माहीत असणारा माणूस हवा. असा माणूस कोण, ते मी लिहीत नाही. स्वतःच्या तोंडानं सांगायची गोष्ट नव्हे ती. मात्र एक नवी वही आणली आहे आणि उन्हाळ्यातल्या सरावाचा आठ आठवड्यांचा तक्ता त्यात आखून ठेवला आहे. असावा आपला.

५ एप्रिल, शनिवार

आज संताप संताप झाला आहे. नीट क्रमानं लिहितो.

सकाळी क्लबच्या कार पार्कमध्ये जिलियन भेटल्या. म्हणाल्या, "पुरू, सरळच विचारते. कोच म्हणून काम करायला आवडेल तुला?"

मी काय म्हणणार? जे कुठलाही घरंदाज माणूस म्हणेल तेच म्हणालो. छे छे, आता माझं वय काय, तरुण कुणीतरी बघा, माझ्यापेक्षा लायक पुष्कळ आहेत.

यावर काय म्हणायचं असतं ते लहान मुलालाही कळतं. असं कसं, तुमच्याशिवाय आहे कोण, नऊ वर्षं कुणी काढली? मग मी आणखी एकदा नाही म्हणायचं. मग त्यांनी फारच गळ घातली तर, क्लबच्या भल्यासाठी, एका वर्षापुरतं. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षपदाला मुरलीधररावांनी तीनदा नाही म्हटलं होतं आणि चौथ्यांदा खिशातून भाषण काढलं होतं. टाइप केलेलं.

जिलियन म्हणाल्या, "ओके. इतकं प्रामाणिकपणे सांगितलंस, थँक यू. दॅट रिअली हेल्प्स."

आणि गेल्या. मी दहा मिनिटं गाडीपाशी उभा राहिलो. वाटलं, चुकलं हे लक्षात येईल आणि परत येतील. आल्या. खेळाच्या सामानाच्या शेडची किल्ली कुणाकडे आहे ते विचारायला.

घरी येऊन नीनाला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"तुम्ही नाही म्हणालात ना?"

"नाही म्हणायची एक पद्धत असते."

"ती पद्धत त्या बाईला कुणी शिकवली? एकोणतीस वर्षं झाली आपल्याला इथं येऊन. अजून तुम्ही त्यांच्याकडून आग्रहाची अपेक्षा करता?"

बायको आपली, आणि बाजू जिलियनची. घर फिरलं की वासेही फिरतात. किल्ली मंजिरीकडे असते. मंगळवारच्या सरावाला क्रेग यायचा नाही तेव्हा तीच शेड उघडून मुलींकडून काहीबाही करून घ्यायची. तीही इथली नव्हे, पण तिला किल्ली. मी नऊ वर्षं बाटल्या भरतोय.

१३ एप्रिल, रविवार

जखमेवर मीठ. कोच निवडण्यासाठी तिघांची समिती नेमली: जिलियन, पुरुषांच्या संघाचा ॲलिस्टर आणि मी. का, तर मला स्वतःला पद नकोय, म्हणून मी निःपक्षपाती. असं मेलमध्ये लिहिलंय. तुझा प्रामाणिकपणा आम्हाला भावला, असंही लिहिलंय. मेल दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा डोकं उठलं.

आज पहिली बैठक झाली. क्लब सोडणाऱ्या मुलींकडून एक फॉर्म भरून घेतला होता, नाव न घालता. का सोडता, काय बदलायला हवं. नऊपैकी सात जणींनी एकच गोष्ट लिहिली आहे: साइडलाइन. साइडलाइनवरचं वातावरण. साइडलाइनमुळे खेळायची मजा गेली. एकीनं लिहिलंय की शुक्रवारपासून पोटात गोळा यायचा.

मी टेबलावर हात आपटून म्हणालो, बघा, मी केव्हापासून सांगतोय. साइडलाइनवरचा तो क्रेग. मुलींना एका शब्दानं धीर देत नव्हता. नुसता थर्मास.

 जिलियननी चहा घेतला. ॲलिस्टर खिडकीबाहेर बघत राहिला. त्यांना पटलं असावं. या क्लबात माझं म्हणणं पहिल्यांदाच कुणी वाद न घालता ऐकून घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार

मुलाखती. दोन उमेदवार. पहिल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, प्रेमळ. त्यांना शनिवार मोकळा हवा होता. सामने शनिवारी असतात हे सांगितल्यावर त्यांनी विचार करून कळवते म्हटलं.

दुसरा ट्रिस्टन. वय सत्तावीस, लॅपटॉप, बावीस स्लाइड्स. त्यात 'कल्चर रीसेट' हा शब्द मी अकरा वेळा मोजला. मी विचारलं, आमच्या संघातल्या कुठल्या मुलीचा खेळ बघितलास? तो म्हणाला, व्यक्ती नंतर, आधी सिस्टिम. निम्म्या मुली काढून नव्या आणायच्या असा त्याचा बेत. कुठून आणणार ते स्लाइडवर नव्हतं. मुलींची नावंही माहीत नाहीत आणि उंटावरून शेळ्या हाकायला तयार.

तो गेल्यावर मी गप्प बसलो. आता बोलतील, आता म्हणतील, पुरू, पुन्हा एकदा विचार कर. मी नाही म्हणायचं आणि मग हो म्हणायचं हेही ठरवलं होतं. एकदाच नाही म्हणणार होतो. एवढी तडजोड केली होती मनाशी.

जिलियन म्हणाल्या, "मंजिरीचं काय? मी चार-पाच मुलींशी बोलले, सगळ्या तिचं नाव घेतात. तिनं अर्ज नाही केला. पुरू, तुमची भाषा एक आहे, तू तिच्याशी बोलशील?"

गोलकीपर. कोच म्हणून. आणि विचारायचं मी.

मी हो म्हणालो. समितीचा माणूस आहे, नाही कसं म्हणणार?

६ मे, मंगळवार

मंजिरीला विचारलं. काम फत्ते.

संध्याकाळी क्लबवर गेलो. हंगाम संपला तरी मंगळवारी ती सराव घेते. सात मुली होत्या. त्यातल्या दोघी तर क्लब सोडणार म्हणून फॉर्म भरलेल्या. सोडायचं तर यायचं कशाला, हे त्यांनाच ठाऊक. मला बघून त्या दोघी लगेच बॅगा उचलून निघाल्या. उशीर झाला असेल.

मंजिरी पायाला पॅड बांधलेलीच चेंडू गोळा करत होती. मी म्हणालो, "मंजिरी, कमिटीला वाटतं की तू कोच व्हावंस. तुझं काय म्हणणं आहे?"

ती थांबली. हेल्मेट काखेत घेतलं. म्हणाली, "छे हो काका, मला कुठे जमणार? तुम्ही इतकी वर्षं आहात इथं. तुमच्यासमोर मी काय?"

मी म्हणालो, "बरं, ठीक आहे. तुझी इच्छा नसेल तर जबरदस्ती नाही."

ती काही लगेच गेली नाही. तिथंच उभी राहिली. हातातला चेंडू या हातातून त्या हातात. मग म्हणाली, "अजून काही म्हणायचं होतं का काका?"

"नाही. एवढंच."

घरी येऊन जिलियनना लिहिलं: मंजिरीनं नकार दिला आहे. अगदी सभ्य शब्दांत. विषय संपला. या देशात नाही म्हणजे नाही, हे मला आता चांगलं समजलं आहे. ज्याला हवं असेल त्यानं हो म्हणावं. सरळ हिशेब.

नीनानं विचारलं, "एवढ्यात आलात?" मी म्हटलं, एका वाक्याचं काम होतं.

१० मे, शनिवार

जिलियनचं उत्तर आलं. मंजिरी नाही म्हणते तर ट्रिस्टनच, अनलेस. मी ताबडतोब फोन केला. अनलेस काय? त्या म्हणाल्या, काही नाही, अनलेस कुणी दुसरं आभाळातून पडलं तर. वीस तारखेला शेवटची बैठक आहे आणि तेव्हा नक्की करू.

आभाळातून कशाला पडायला हवं? नऊ वर्षं जमिनीवर उभा आहे, दिसत नाही.

आयत्या बिळावर नागोबा येऊन बसणार आता. बावीस स्लाइड्सचा नागोबा. आणि मी काय करणार, त्याच्या बाटल्या भरणार? सरावाची वही कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिली. मग खुर्ची घेऊन पुन्हा खाली काढली, कारण तिच्यात विम्याचा कागद ठेवला होता.

ईशानी या आठवड्यातही आली नाही. सहा शनिवार झाले. नीना दर शनिवारी तिच्या खोलीची खिडकी उघडते आणि संध्याकाळी लावते. मला ते बघवत नाही, म्हणून मी तेव्हा बागेत असतो.

१७ मे, शनिवार

ईशानी आली. न कळवता. मला वाटलं, आली एकदाची. नीनानं पोहे टाकले. पण पोरगी बसलीही नाही.

"बाबा, तू मंजिरीताईला किती वेळा विचारलं?"

"कशाबद्दल?"

"यू नो कशाबद्दल."

"एकदा. ती नाही म्हणाली."

"एकदा." ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. "तुला आठवतंय, एमाचा बर्थडे? मी सात वर्षांचा होतो."

तिचं मराठी असंच आहे, मी एरवी सुधारतो. आज सुधारलं नाही.

मला आठवत होतं. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी वाढदिवस होता. स्टॅनमोरच्या आत्याकडे जाताना आम्ही तिला पढवलं होतं की कुणी खाऊ पुढं केला की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, हावरटासारखं झडप घालायची नाही. पोरगी एमाकडेही तसंच वागली. एमाच्या आईनं केक विचारला, ही म्हणाली नको. त्या बाईनं बशी पुढं नेली. परत आलीच नाही. गाडीत बसल्यावर ईशानी हमसून हमसून रडली होती. मला इतका राग आला होता की गाडी वळवून त्या बाईला जाब विचारायला निघालो होतो. नीनानं अडवलं.

"तू तेव्हा काय बोललास मला?" ईशानी म्हणाली. "तू बोललास, त्यांना विचारायला येत नाही. दे डोन्ट नो. तिसऱ्यांदा विचारायचं असतं ते त्यांना माहीत नाही."

"मग?"

"एमाची आई इंग्लिश होती, बाबा. तू नाहीयेस."

मी म्हणालो, हा क्लबचा कारभार आहे, केकची बशी नव्हे. मी म्हणालो, मंजिरी तेहतीस वर्षांची आहे, तिला हो म्हणता येतं. आणखीही बरंच बोललो. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

ती शांतपणे म्हणाली, "ट्रिस्टन आला तर मी नाही खेळणार. ब्रिस्टलच्या क्लबनी विचारलंय मला. ते माझ्या फ्लॅटपासून दहा मिनिटं आहे. मला शनिवारी इतकं ड्राइव्ह पण नाही करावं लागणार."

उभ्याउभ्याच पोहे खाऊन गेली. मी मात्र खाल्ले नाहीत.

नीना भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुम्हाला एकदा विचारलं तर दीड महिना घर डोक्यावर घेतलंत. तिला एकदा विचारलंत आणि येऊन झोपलात." मग जरा वेळानं म्हणाली, "आणि गाढ झोपलात."

माझ्याच घरात माझ्यावर खटला. मी काय गुन्हा केला? विचारलं, उत्तर मिळालं, कळवलं.

चेंडू या हातातून त्या हातात करत होती ती. ते मात्र मी पाहिलं होतं.

१८ मे, रविवार

सकाळी मंजिरीकडे गेलो. स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर राहते. नवरा पुष्कर चहा टाकून आतल्या खोलीत गेला, पुण्याचा असून शहाणा आहे.

मी म्हणालो, "मंजिरी, त्या दिवशी मी घाईत होतो. कोच तूच व्हावंस असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

"नको काका. ट्रिस्टन आहे ना."

हे दुसरं. मी चहा प्यायलो. चहात आलं जास्त होतं. मग म्हणालो, "त्या ट्रिस्टनला तुमची नावं माहीत नाहीत. मंगळवारी सात मुली येतात त्या तुझ्यासाठी येतात. सोडून चाललेल्यासुद्धा येतात. घे हे काम."

हे तिसरं. आता तिनं मान हलवायची आणि मी उठायचं. एवढंच बाकी होतं. पण ही नागपूरची.

ती म्हणाली, "काका, एक विचारू? त्या दिवशी मी नाही म्हटलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं, मला खरंच नको होतं?"

मी म्हणालो, माणूस जे बोलतो ते मी ऐकतो.

"मी तिथं उभी राहून राहिले, तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून. जिलियननं विचारलं असतं ना, तर मी एका फटक्यात हो म्हटलं असतं. तिला कळत नाही, मला माहीत आहे. तुम्ही विचारलं म्हणून मी नाही म्हटलं. मोठ्या माणसासमोर पहिल्यांदाच हो कसं म्हणायचं?" ती थांबली. "तुम्हाला पहिल्यांदाच कळलं होतं काका."

मी कप टेबलावर ठेवला.

"मी घेते काम. पण एक अट आहे. सामन्याच्या वेळी तुम्ही साइडलाइनवर थांबायचं नाही."

"काय?"

"ते फॉर्म क्रेगबद्दल नव्हते. क्रेग तर बोलतच नव्हता. मुलींना तुमची भीती वाटते. ईशानीला सगळ्यात जास्त. चूक झाली की चेंडू कुठे आहे ते बघायच्या आधी त्या तुमच्याकडे बघतात. मी गोलमधून चार वर्षं पाहून राहिले."

मी उठलो. बुटात पाय घालताना नाडी तुटली. पुष्कर आतून दुसरी नाडी घेऊन आला, मी घेतली नाही. तसाच फटफट चालत गाडीपर्यंत गेलो.

तेहतीस वर्षांची पोर. मी ओरडतो कारण मला पर्वा आहे. ज्याला पर्वा नसते तो थर्मास धरून उभा राहतो. खडकीला आमचे सर शिव्या द्यायचे, एकदा तर हॉकी स्टिक फेकून मारली होती, आणि आम्ही त्यांच्या पाया पडायचो. माझ्या मुलीला माझी भीती वाटते म्हणे.

नीनाला विचारलं, खरं आहे का. ती म्हणाली, "तुम्ही हे मला दोनदा आणखी विचारणार आहात की पहिल्यांदाच सांगू?"

मी म्हटलं, राहू दे.

२० मे, मंगळवार

समितीची शेवटची बैठक. जाताना गाडीत ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. माझा कागद त्यांच्याकडे आहेच, मंजिरीनं नकार दिला. काही खोटं नाही त्यात. ट्रिस्टन येईल, डिसेंबरपर्यंत तोंडावर आपटेल आणि मग बघू कुणाकडे येतात ते.

जिलियननी विचारलं, "मग, ट्रिस्टन?"

मला नीना खिडकी लावताना दिसली. शनिवारी संध्याकाळी, पडदा सरळ करताना.

मी म्हणालो, "मंजिरी तयार आहे. मी तिला नीट विचारलं नव्हतं." मग म्हणालो, "तिची एक अट आहे. सामन्याच्या वेळी मी साइडलाइनवर असायचं नाही."

जिलियननी चहाचा कप उचलला. ॲलिस्टर खिडकीबाहेर बघायला लागला.

एप्रिलमध्येही हे दोघं नेमकं असंच बसले होते. तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना माझं म्हणणं पटलं. म्हणजे सगळ्या क्लबला ठाऊक होतं, आणि मी टेबलावर हात आपटून क्रेगचं नाव घेत होतो. तोंडावर सांगायची हिंमत एकाची नाही. फॉर्म कसले भरून घेता, नाव न घालता? यायचं ना माझ्याकडे, म्हणायचं ना, पुरुषोत्तम, तोंड बंद ठेव. मी काय खाल्लं असतं कुणाला?

हे शेवटचं वाक्य मी त्यांना मोठ्यानं बोलून दाखवलं. बराच मोठ्यानं. जिलियन खुर्चीत जरा मागे सरकल्या.

ते बघितलं आणि मी खाली बसलो. ट्रिस्टनचं नाव खोडलं.

३ जून, मंगळवार

मंजिरीनं नावांची यादी पाठवली. सोडून गेलेल्या नऊपैकी सहा जणी परत आल्या. मोजून सहा. तिनं त्यांना सांगितलं असणार की तो म्हातारा आता तिथं नसतो. एकूण पंधरा नावं झाली. संघ राहिला.

आनंद व्हायला हवा. ती सहा नावं वाचताना प्रत्येक नावाला कानाखाली बसल्यासारखं वाटलं. यातल्या एकीच्या लग्नाला मी आणि नीना गेलो होतो. पोटात गोळा यायचा असं तिनंच लिहिलं होतं का, याचा सारखा विचार येतो. विचारण्याची सोय नाही.

यादीत अकराव्या क्रमांकावर ईशानी आहे.

खाली मंजिरीनं लिहिलंय: काका, सामन्यानंतरचं दोन्ही संघांचं जेवण कुणी बघायला तयार नाही. तुम्ही बघाल का? मोकळेपणानं सांगा, नको असेल तर नको.

म्हणजे साइडलाइनवरून थेट स्वयंपाकघरात. अर्धा तास फोन हातात धरून घरात येरझाऱ्या घातल्या. मग उत्तर लिहिलं: हो.

एकाच शब्दात पहिल्यांदाच हो लिहिल्याचं मला पाठवल्यावर लक्षात आलं. परत घेता येत नव्हतं.

२० सप्टेंबर, शनिवार

नव्या हंगामाचा पहिला सामना, घरच्या मैदानावर. मी साडेबारापासून क्लबच्या स्वयंपाकघरात. सालासकट भाजलेले छत्तीस जॅकेट पोटॅटो, चिली, चीज, बीन्स. पाहुण्या संघाला आपण जेवू घालायचं ही इथली रीत मला नेहमीच आवडते. हरवायचं आणि वाढायचं, किंवा हरायचं आणि तरी वाढायचं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदानाचा फक्त डावा कोपरा दिसतो, आमचा गोल आणि त्यापुढचे वीसेक यार्ड. काच जाड आहे. काही ऐकू येत नाही. नुसती तोंडं हलताना दिसतात. दोन वेळा मी ओरडलो, सवयीनं. बटाट्यांनी ऐकलं.

पण मंजिरी दिसत होती. गोलमध्ये उभी, हेल्मेटमधून सारखी बोलत होती. ती डावा हात करायची आणि ईशानी डावीकडे सरकायची. ती काहीतरी म्हणायची आणि मागच्या तिघी एकदम दोन पावलं पुढं यायच्या. शेवटची दहा मिनिटं तिकडच्या संघाला चार शॉर्ट कॉर्नर मिळाले. चारही अडवले. एकदा ईशानी चुकली, चेंडू तिच्या स्टिकखालून गेला. मी ओव्हनचं दार धरून उभा राहिलो. तिनं मान वर केली आणि साइडलाइनकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग ती वळली आणि चेंडूमागे पळाली.

एक-एक. बरोबरी.

सगळे जेवून गेल्यावर ईशानी स्वयंपाकघरात आली. केस ओले, गुडघ्याला खरचटलेलं. कट्ट्यावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी.

"बाबा, तुला माहितेय, मंजिरीताई खेळताना केवढं बोलते? फुल टाइम. कोण कुठे आहे, कुठे जायचं, सगळं सांगते. मी आज पहिल्यांदा ऐकलं."

"आजपासूनच बोलायला लागली असेल."

"नाही. मी विचारलं तिला. ती चार वर्षं तेच बोलते." तिनं माझ्याकडे बघितलं नाही, गुडघ्याकडे बघत म्हणाली, "ऐकू नाही यायचं."

मला राग आला. लिहायलाच बसलोय तर लिहितो, भयंकर राग आला, आणि या खेपेला तो पाठवायला कुणाचाच पत्ता सापडेना. ट्रेमध्ये तीन बटाटे उरले होते. विचारलं, घेतेस का. ती म्हणाली, नको. थोड्या वेळानं म्हटलं, चीज घालून गरम करून देतो. म्हणाली, नको रे. मी सिंक धुतलं, फडकं पिळलं आणि पुन्हा विचारलं.

तिनं बशी पुढं केली.

रात्री ती राहणार आहे, नीनानं खोलीची खिडकी लावलेली नाही. पुढच्या शनिवारी सामना बाहेर आहे, रेडिंगला. तिथं स्वयंपाकघर त्यांचं. मी कुठं उभं राहायचं, ते उद्या मंजिरीला विचारलं पाहिजे.